कोणती गुरे?

आमच्या माजघरात एक काळी लोखंडी पेटी असे. माझे थोरले चुलते सैन्यातून सुभेदार होऊन परतले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर घरी आली. गाव त्यांना सुभेदार म्हणे; आम्ही मुले आबा म्हणत असू. त्या पेटीत तलवार असेल, निदान एखादे पिस्तूल तरी असेल, अशी माझी खात्री होती. एके दिवशी आबांनी ती उन्हे दाखवण्यासाठी उघडली आणि माझी घोर निराशा झाली. पेटीत आठ-दहा पुस्तके होती, एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता आणि सुतळीने बांधलेल्या काही वह्या होत्या.

"आबा, लढणाऱ्या माणसाला पुस्तके कशाला लागतात?" मी विचारले.

आबा हसले. "वेळ आली म्हणजे सांगेन," एवढेच ते म्हणाले.

ती वेळ लवकरच आली, आणि ती आणली मीच.

1958 सालचा श्रावण होता. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. कृष्णेच्या काठी, साताऱ्याच्या बाजूला आमचे गाव. आमचे घर उंचावर होते. गुरांचे गोठे दोन : एक माळावर, तेथे बैल आणि म्हशी असत, दुसरा खाली नदीकाठच्या मळ्यात, तेथे कपिला गाय आणि तिचे महिन्याचे वासरू होते. वडील आणि आबा कामासाठी साताऱ्याला गेले होते. तीन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. दुपारी ओसरीवरून पाहतो तो नदीचे गढूळ पाणी काठ सोडून मळ्यातल्या उसात शिरत होते.

राघू गडी माळावर होता. त्याला निरोप पाठवायला शेजारच्या बाळूखेरीज कोणी नव्हते, आणि बाळू पडला विसरभोळा. आजी म्हणाली, "चिठ्ठी लिहून दे." मी मोठ्या ऐटीने बसलो. माझ्या अक्षराचे गुरुजी नेहमी कौतुक करीत. मी लिहिले : 'नदीला पूर येत आहे. गुरे ताबडतोब वर हलवावीत.' 'ताबडतोब' या शब्दाखाली रेघही ओढली.

माळावरून नदी दिसत नाही. मधे बाभळींची दाट राई आहे. राघूने चिठ्ठी वाचली आणि बाळूला विचारले, "कोणती गुरे?" बाळूने हात हवेत फिरवला आणि म्हणाला, "ती!" राघूच्या समोर बैल आणि म्हशी उभ्या होत्या. त्याने त्या सोडल्या आणि टेकडीवरच्या देवळाकडे हाकल्या. चूक ध्यानात येऊन तो मळ्यात धावला, तेव्हा गोठ्यात कमरेइतके पाणी चढले होते. जिवावर उदार होऊन त्याने कपिलेचे दावे कापले. ती पोहत बाहेर आली. वासरू मात्र त्याच्या हातून निसटले आणि वाहून गेले.

त्या रात्री कपिला सारखी हंबरत होती.

दुसऱ्या दिवशी वडील आणि आबा परतले. जो तो राघूला बोल लावीत होता. तो मान खाली घालून उभा होता. मीही गप्प होतो. आबांनी राघूकडून ती भिजलेली चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली आणि मला बाजूला नेले.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "पण कोणती गुरे?"

"मळ्यातली, आबा! पाणी मळ्यातच शिरत होते ना?"

"ते तुला दिसत होते. राघूला दिसत होते का?"

मला उत्तर देता येईना. आबांनी मला जवळ बसवले आणि एक हकिकत सांगितली.

"काळ्या समुद्राच्या काठी क्रिमिया नावाचा प्रदेश आहे. तेथे इंग्रज आणि रशियन यांचे युद्ध चालले होते. 25 ऑक्टोबर 1854 या दिवशी बालाक्लावा गावाजवळ लढाई झाली. इंग्रजांचे सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होते. बाजूच्या टेकाडांवरून जिंकलेल्या तोफा रशियन सैनिक ओढून नेत आहेत, असे त्यांना तेथून दिसले. त्यांनी खालच्या घोडदळाला पेन्सिलीने लिहिलेला हुकूम धाडला : त्वरेने पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कोणत्या तोफा, ते लिहिले नव्हते. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लूकन खाली दरीत होते. त्यांना टेकाडांवरच्या तोफा दिसत नव्हत्या. त्यांनी हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारले. त्याने उतावळेपणाने हात लांब केला. लूकनना वाटले, तो दरीच्या पार टोकाला असलेल्या तोफा दाखवीत आहे. सुमारे पावणेसातशे स्वार त्या दरीत दौडत गेले. समोर तोफा, दोन्ही बाजूंना तोफा! शंभरांहून अधिक स्वार ठार झाले. कितीतरी जखमी झाले, कितीतरी पकडले गेले. नोलन तर अगदी आरंभीच पडला. शौर्यात कोणीही उणा नव्हता, बाळ. उणा होता तो कागद."

मला बाळूचा हवेत फिरलेला हात आठवला. मी उठलो आणि राघूकडे गेलो. "राघूदादा, चूक माझी होती," असे सगळ्यांच्या देखत म्हणालो. राघूने माझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

त्या दिवसापासून ती पेटी मला खुली झाली. आबा पलटणीत भरती झाले तेव्हा त्यांना जेमतेम सही करता येत होती. पलटणीतल्या शाळेत ते रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकले. पुढे नेटाने इंग्रजी शिकले. ब्रह्मदेशच्या मोहिमेत ते चौदाव्या सेनेत होते. प्रत्येक चकमकीनंतर काय घडले, कोठे चुकले, हे ते वहीत टिपून ठेवीत. त्या वह्या म्हणजे या टिपणांचाच संग्रह होता.

त्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम. युद्धापूर्वी ते टोपणनावाने कथा लिहीत असत. पुढे 1956 साली त्यांनी त्या मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो ग्रंथ आबा कोश शेजारी ठेवून, रोज दोन पाने, असा वाचीत. "बघ," ते म्हणत, "विजयाइतकाच पराभवही लिहिला आहे, आणि स्वतःच्या चुकाही लपवलेल्या नाहीत. दुसऱ्याने रक्त सांडून शिकलेली गोष्ट आपल्याला वाचून शिकता येते. मग ती पुन्हा रक्त सांडून का शिकावी?"

आज्ञा कशी लिहावी, याचा नमुना म्हणून ते शिवाजी महाराजांचे एक पत्र दाखवीत. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, अशी बारीकसारीक बजावणी त्यात आहे. केवळ 'सावध राहा' असे म्हणून महाराज थांबले नाहीत. काय करायचे, काय टाळायचे आणि का, हे सारे त्यांनी सांगितले. दूर बसलेल्या राजाला छावणीतला उंदीरही दिसत होता!

आजही आपल्या सेनाधिकाऱ्यांचा अभ्यास संपत नाही. निलगिरीतल्या वेलिंग्टन येथील महाविद्यालयात जायचे, तर आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यासाठी युद्धांचा इतिहास वाचावा लागतो. 1870 साली सिमल्याला स्थापन झालेली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था आता दिल्लीत आहे. ती नियतकालिक चालवते आणि निबंधस्पर्धाही घेते. बंदूक धरणाऱ्या हातांनी लेखणीही धरावी, हे सैन्याने फार पूर्वीच ओळखले आहे.

मी सैन्यात गेलो नाही, शिक्षक झालो. पण काहीही लिहिले की कागद दूर धरतो आणि मनाने टेकडी उतरून दरीत जातो. तेथे उभ्या असलेल्या माणसाला हे कळेल का, असे स्वतःला विचारतो. पुष्कळदा तो कागद मला पुन्हा लिहावा लागतो.

आबा गेल्यावर ती पेटी माझ्याकडे आली. कोश चाळताना मला एक पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. माझे मोत्यासारखे अक्षर पाण्याने फुटले होते. 'गुरे' या शब्दाच्या आधी आबांनी पेन्सिलीने एक खूण केली होती आणि वर एकच शब्द लिहिला होता : 'मळ्यातली'.