वजनकाट्याचा धाक

थायरॉइड ग्रंथी जादा काम करू लागली की भूक वाढते आणि तरी वजन उतरते. छाती धडधडते, हात थरथरतात, पण ‘किती बारीक झालीस!’ हे कौतुकही कानी पडते. म्हणून ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू होऊन काटा वर सरकला की राग गोळीवर निघतो. हा राग समजण्यासारखा असला तरी चुकीच्या जागी आहे, असे मला वाटते. आजारात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिना चढताना मांड्या भरून येतात, हाताच्या आधाराशिवाय जमिनीवरून उठवत नाही, ते त्यामुळेच. परत येणाऱ्या किलोंमध्ये हे स्नायूही असतात. त्यांचा हिशेब लठ्ठपणाच्या खात्यात का मांडायचा?

कुणी म्हणेल, काहींचे वजन आजारापूर्वीपेक्षाही वाढते. खरे आहे, आणि डॉक्टरांनी ते उडवून लावू नये. शरीराचा वेग उतरतो, पण दोन पोळ्या जास्त खाण्याची सवय मागे राहते. कधी डोस जास्त होऊन ग्रंथी मंदावते. अशा वेळी रक्तातील टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक तपासून डोस कमी करता येतो. ग्रंथीला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकावर नुसते विसंबून चालत नाही, कारण टी-४ जागेवर आल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिनेही दबलेला राहतो. मात्र बारीक राहण्यासाठी परस्पर गोळी चुकवणे म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका ओढवून घेणे. ग्रंथीला जादा काम करायला लावणाऱ्या ग्रेव्ह्ज आजारात ही गोळी बहुधा १२ ते १८ महिने चालते. त्या काळात ताप किंवा घसादुखी आली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे आणि पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. वजनाच्या काळजीत नेमकी हीच सूचना विसरली जाते.