सलाईनच्या आधी

मावळात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की गाय, म्हैस, बैल. मांजर दवाखान्यात येतं ते बहुधा गोणीत किंवा बाजाराच्या पिशवीत, आणि सोबत आलेल्यांचं बोलणं ठरलेलं असतं : “काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, डॉक्टर. एक सलाईन लावा, म्हणजे उठेल.”

दहा-बारा वर्षांच्या मांजराबाबत यातलं पहिलं म्हणणं क्वचितच खरं असतं. दुसरं कधीकधी जिवावर बेततं.

मांजर दुखणं लपवतं. मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिनही धडपणे वाढत नाही. तोवर मनी पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते, एवढंच. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे पाण्याच्या वाटीवरून आणि मातीच्या ट्रेवरून कळतं. आमच्याकडे जूननंतर सगळीकडे पागोळ्या, डबकी आणि भातखाचरं. ती कुठे किती प्यायली, कुठे मुतली, कोण बघणार? म्हणून मी पाण्याचं फारसं विचारत नाही. “फडताळावर अजून उडी मारते का?” असं विचारतो. मग घरातली आजी सांगते, “नाय हो, दिवाळीपासून खालीच बसतीय.” बाकीचे तिच्याकडे बघत राहतात. त्या आजीच्या एका वाक्यावर मी पुढची तपासणी ठरवतो. वजनाचंही तसंच. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम उतरलं, तर ते साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरल्यासारखं आहे. पण केसांखाली ते दिसत नाही. पिशवीत बसवून वाण्याच्या काट्यावर महिन्यातून एकदा तोललं तरी पुरे. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर थायरॉईड किंवा मधुमेह डोक्यात ठेवावा लागतो.

आता सलाईनचं. आपल्याकडे माणसालाही सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही, तर मांजराला का वाटावं? पण म्हाताऱ्या मांजराच्या हृदयाची भिंत आतून जाड झालेली असू शकते, आणि स्टेथोस्कोपवर ते दरवेळी ऐकू येईलच असं नाही. अशा हृदयावर बाटलीभर पाणी ओतलं की ते फुप्फुसात साचतं. म्हणून शिरेला हात लावण्याआधी मी श्वास मोजतो. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. झोपलेल्या मांजराचे मिनिटाला तीसच्या आत हवेत. दवाखान्याच्या टेबलावर भीतीने हा आकडा चढतो, त्यामुळे घरी झोपलेली असताना मोबाईलवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ मला जास्त उपयोगी पडतो. आणि मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर मोजत बसू नये. कुत्र्यात ते साधं असतं, मांजरात नाही.

पावसाळ्यात एक दृश्य नेहमीचं : मागचे पाय लुळे पडलेलं, जिवाच्या आकांताने ओरडणारं मांजर. घरचे म्हणतात साप चावला. मावळात घोणस आहे, मण्यार आहे, शंका चुकीची नाही. पण मी आधी पंजे हातात घेतो. मागचे गार, पुढचे ऊबदार, नखांच्या मुळाशी निळसर झाक, मांडीच्या आतली नाडी लागत नाही, तर हृदयातून सुटलेली गुठळी महाधमनी जिथे दुभागते तिथे अडकलेली असते. इथे पहिला उपचार वेदना थांबवण्याचा. गरम तेलाने चोळणं नको, शेकही नको. यातली बरीच मांजरं वाचत नाहीत. हे मी घरच्यांना तिथेच सांगतो, खोटी आशा देत नाही.

बंगल्यांतली मांजरं वेगळ्या तक्रारी घेऊन येतात. “इथे आल्यापासून खुर्च्यांवर आपटतेय, जागा नवीन आहे ना.” टॉर्च मारला तरी बाहुल्या विस्फारलेल्याच. रक्तदाब वाढून डोळ्यातला पडदा सुटलेला असतो. पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून डॉप्लरने दाब बघतात. वरचा आकडा १६० च्या पुढे टिकून राहिला की औषध लागतं. माणसाला देतात तीच अम्लोडिपिन, फक्त मात्रा अगदी चिमुकली, डॉक्टरनेच ठरवलेली. लवकर सुरू झाली तर काहींची नजर थोडीफार परतते.

घरच्या डब्यातली दुसरी गोळी मात्र विष आहे. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल देणारी माणसं प्रेमानेच देतात. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही; ५०० मिलीग्रॅमची एक गोळीही मारायला पुरते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजतं. दिलीच असेल तर लपवू नका, कधी आणि किती ते सांगा. लवकर कळलं तर उतारा आहे.

दहा वर्षांवरच्या मांजराचं रक्त, लघवी आणि रक्तदाब सहा महिन्यांनी तपासून घ्या. बोका सारखा मुतायला बसतोय आणि थेंब येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यातून गाडी बाहेर काढण्यातच वेळ जातो, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरला फोन करा आणि मांजराला गोणीत नको, भोकं पाडलेल्या खोक्यात आणा.