चौथऱ्याखालून

परांचीवर उभा राहून ज्या मुखाशी मी वर्षभर डोळ्यास डोळा भिडवून काम करतो, ते अनावरणाचा पडदा सरला की मला पुन्हा तसे कधी दिसत नाही. वाटसरूप्रमाणे मीही मान वर करून हनुवटीचा तळ, नाकपुड्या आणि भुवयांची छाया तेवढी पाहतो. म्हणून स्मारकशिल्पात प्रमाणाशी थोडी बेइमानी करावीच लागते: मस्तक हिशेबापेक्षा किंचित मोठे, कपाळ थोडे पुढे कललेले, पापणीखालची खोबण अधिक खोल, कारण उथळ कोरलेला डोळा भर उन्हात आंधळा दिसतो.

ही बेइमानी समितीस पटविणे शाडू मळण्याहून कष्टाचे. फार वर्षांपूर्वी, दरखास्त मंजूर होऊन बयाणाही पोचल्यावर, एका गावची समिती माझ्या कार्यशाळेत आली, एकेक करून परांचीवर चढली, हातभर अंतरावरून मस्तक न्याहाळती झाली, आणि ते लहान केल्याखेरीज पुढील हप्ता अदा होणार नाही, असा लेखी हुकूम ठेवून गेली. मी तेवढा खमका नव्हतो. त्या रात्री ओली गोणपाटे सोडून, तारेच्या कोरणीने कपाळावरची व जबड्यावरची बोटभर माती मी उतरविली. आज बारा फुटी चौथऱ्याखालून त्या थोर पुरुषाचे प्रथम पोट दिसते, मग छाती, आणि मग कोटाच्या गळ्यात रुतलेले डोके.

मातीत राहिलेली चूक धातूत कायम होते. आम्ही सामान्य लोक पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून सांधतो, तेव्हा एखादा तुकडा बिघडला तरी निभावते. शिल्पकार विनायकराव करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपती १९२८ साली माझगावच्या गोदीत एकसंध ओतविला, तेथे धातूचा रस मध्येच थिजता तर सारा साचा वाया जाता. माझ्या भट्टीवर, वाफ जाण्याच्या नळीच्या तोंडाशी रसाचा लाल ठिपका वर येऊन स्थिरावेपर्यंत मला अजून थुंकी गिळवत नाही.

हल्ली समिती यायची असली की मी प्रतिमेच्या पायथ्याशी सतरंजी अंथरतो आणि अध्यक्षांसह सर्वांस, टोप्या उतरवून, उताणे निजावयास विनवतो. मागे एक वयोवृद्ध सभासद बराच वेळ तसेच पडून राहिले व म्हणाले, “आता साहेब माझ्याकडे बघताहेत.” त्यांस उठवावयास दोघे लागले.