मेकराव

प्रोग्रॅम छोटा असो की मोठा, फोल्डरच्या दारातच मेकराव, म्हणजे प्रोग्रॅम बांधून देणारं ‘मेक’ हे साधन, बसलेले असतात. समोर एकच वही : मेकफाइल. काय बनवायचं, ते कशापासून बनतं आणि कोणत्या आज्ञेनं बनतं, एवढं तिच्यात लिहून द्यायचं. वहीत नाही ते मेकरावांच्या लेखी सहसा जगात नाही.

जन्म 1976चा, बेल लॅब्जमधला. ‘याक’ या पार्सर बनवणाऱ्या प्रोग्रॅमचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बिनचूक प्रोग्रॅमातली चूक शोधण्यात गेली. चूक आधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. त्यांची ती चिडचिड ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेकरावांना घडवलं.

गृहस्थ आळशी, पण हिशेबी. ऑब्जेक्ट फाइल नसेल किंवा सोर्स फाइल तिच्यापेक्षा नवी असेल तरच कंपायलरला उठवतात. नाहीतर ‘करण्यासारखं काही नाही’ म्हणून मोकळे. फाइलीतला मजकूर ते वाचत नाहीत, बदलाची वेळ तेवढी पाहतात. एक अक्षरही न बदलता नुसतं ‘टच’ केलं, तरी बिचारे कामाला लागतात.

सोवळंही कडक. आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू झाली पाहिजे. आठ स्पेस दिल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून जागीच थांबतात. हा जाच फेल्डमन यांना लवकरच कळला होता. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची घडी मोडायला नको म्हणून टॅब राहिला. तो आजही आहे.

चाचण्यांच्या बाबतीत तर ते भलतेच शब्दशः वागतात. ‘मेक टेस्ट’ म्हणावं आणि शेजारी ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर असावं, की ‘हे तर तयारच आहे’ असं सांगून एकही चाचणी न चालवता परततात. म्हणून ‘टेस्ट’ला वहीत आधी ‘फोनी’, म्हणजे फाइल नव्हे, नुसतं कामाचं नाव, म्हणून जाहीर करावं लागतं.

खरी गोम हेडर फाइलीत आहे. तिचं नाव वहीत नसेल, तर तिच्यातला बदल मेकरावांना दिसत नाही आणि जुनीच ऑब्जेक्ट फाइल प्रोग्रॅमात जाते. म्हणजे जॉन्सन यांची ती सकाळ तुमच्या वाट्याला. तेव्हा हेडर फाइलींची यादी हातानं लिहू नका. जीसीसी या कंपायलरला ‘-एमएमडी’ सांगून ती त्याच्याकडून काढून घ्या, मेकफाइलीत जोडा, आणि मग मेकरावांवर खुशाल विसंबा.