मुळाला चिकटलेली माती

गोव्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, खार सोसणाऱ्या कोरगुट भाताची रोपं उपटायला पहिल्यांदा उतरले, तेव्हा चिखल लागू नये म्हणून मुळं चरीच्या पाण्यात छान खळबळून घेतली आणि पिशवीत भरली. जे न्यायला गेले होते, ते मी तिथेच सोडून आले होते.

मुळाला लागून असलेल्या जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर मातीला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली ‘ऱ्हायझोस्फियर’ हे नाव दिलं. रोप उन्हात कमावलेल्या साखरेतला काही भाग तिथे पाझरू देतं आणि जिवाणूंची दाटी होते. आता मी मूळ ढेकळासकट काढते आणि तळहातावर हलकेच आपटते. किती आपटायचं, ते चिखलावर ठरतं. जुलैत काही सुटतच नाही. जोर केला, तर केशमुळं तुटतात. गळेल ती माती रानाची, उरेल ती मुळाची.

ही उरलेली माती निर्जंतुक पाण्यात सोडायची, दहा-दहा पटींनी पातळ करत न्यायची, मिठाच्या माध्यमावर पसरायची. उगवलेल्या जिवाणूंच्या काही वसाहतींना तार लावली की चिकट धागा उठतो. तो धागा पाहिला की मी आजही हरखते. हीच बुळबुळ सोडियम धरून ठेवते, म्हणून मुळापर्यंत तो कमी पोचतो. दुसऱ्या काहींचं काम डोळ्यांना दिसत नाही. खारानं गांजलेलं रोप एसीसी नावाच्या द्रव्यापासून इथिलीन बनवतं आणि त्या इथिलीननं मुळांची वाढ खुंटते. हे जिवाणू ते एसीसीच फोडून त्यातला नत्र वापरतात. त्यांना ओळखायचं, तर माध्यमात नत्रासाठी एसीसीशिवाय काही ठेवायचं नाही. बहुतेक बश्या कोऱ्याच राहतात.

कुंडीत गुण दाखवणारा जिवाणू शेतात टिकेलच असं नाही. तिथले जुने रहिवासी त्याला सहज जागा देत नाहीत. आणि बाटलीतलं जिवाणू खत फुटक्या बांधाची भरपाई करील, असं मी कुणाला सांगणार नाही. बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, भरतीचं पाणी अडवतात, पहिले पाऊस खार धुऊन नेतात, मग मोड आलेलं बी पडतं. जिवाणूंची मदत त्यानंतरची. एका शेतकरीणबाईंनी मला बांधावरूनच बजावलं होतं, “बाय, मानस मोडली की कोरगुटसुद्धा तगत नाही.”

तेव्हापासून नमुन्याच्या पिशवीवर तारखेखाली मानशीपासूनचं अंतरही लिहिते.