काल ईडनवर

बागबाजार, कलकत्ता, १२ फेब्रुवारी १९९६

क्रिकेट विश्वचषकाचं उद्घाटन काल टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिलं. मन खट्टू झालं. हुगळीवरून वारा सुटला, लेझरसाठी बांधलेले पडदे फडफडत राहिले आणि त्यावर काय उमटतंय ते कळेना. ईडन गार्डन्स मैदानावर लाखभर माणसं जमली होती. फेब्रुवारीच्या संध्याकाळी नदीकाठी वारा असणारच. तो आधी विचारात घेतला नाही, याचा राग येतो.

त्याहून वाईट वाटतं ते संघांचं. केनिया, हॉलंड आणि संयुक्त अरब अमिराती पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरताहेत. कोलंबोतल्या ३१ जानेवारीच्या स्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजनं तिथे खेळायला नकार दिला आहे. अशा वेळी सगळे संघ एका मैदानावर यावेत, हाच खरा सोहळा होता. दिव्यांच्या गोंधळात तो हरवला.

मी राहतो ते बागबाजार नाटकवेड्यांचं. नाटककार गिरीशचंद्र घोष इथलेच. इथल्याच हौशी मंडळींतून १८७२ साली नॅशनल थिएटर उभं राहिलं आणि बंगालात तिकीट लावून नाटकं होऊ लागली. अशा शहरानं लेझरवर एवढी भिस्त का ठेवावी? शंभर ढाकी आपले ढोल घेऊन मैदानात उतरले असते, तर वाऱ्यानं त्यांचा आवाज उलट दूरवर नेला असता.

परवा अहमदाबादला इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यानं स्पर्धा सुरू होतेय. ही रुखरुख आता खेळानंच भरून काढावी. पुढच्या वेळी मात्र यजमानांनी आधी आपल्या कलावंतांवर विश्वास ठेवावा.