पिशवीतला चहा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची चहाची टपरी आहे. सकाळी सहा ते नऊ मी आण्णांच्या हाताखाली असतो, मग कॉलेज. माझे काम एकच. उकळता चहा पातळ पिशवीत ओतायचा, वर रबर गुंडाळायचे आणि कारखान्यातून आलेल्या पोऱ्याच्या हाती द्यायचे. दहा चहाचे पार्सल मी डोळे मिटूनही बांधीन.

गेल्या वर्षी आईची हाडे फार दुखू लागली. रक्त तपासले तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले. मला नवल वाटले. नाशिकला उन्हाचा काय तोटा? डॉक्टर म्हणाले, “ऊन अंगावर पडायला हवे ना!” खरेच होते. आईचा सारा दिवस पत्र्याखाली, शेगडीपुढे जातो.

त्या निमित्ताने ग्रंथालयात बसून वाचू लागलो आणि वाचता वाचता आमच्या टपरीपाशीच येऊन पोहोचलो. कडक प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल ए असते, मऊ प्लॅस्टिकमध्ये थॅलेट. उष्णता आणि तेल-तूप लागले की ती अन्नात उतरतात आणि शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबूड करतात. ‘ड’ जीवनसत्त्वही शरीरात हार्मोनसारखेच काम करते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांची माहिती तपासून २०१६ साली लिहिले, की ज्यांच्या लघवीत ही रसायने जास्त, त्यांच्या रक्तात ‘ड’ बहुधा कमी. बिस्फेनॉलच्या बाबतीत हे विशेषतः स्त्रियांत दिसले. एकामुळेच दुसरे होते, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही. आईचे दुखणे पिशवीमुळे आले, असे मीही म्हणणार नाही.

पण २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉलची रोजची मर्यादा पूर्वीच्या वीस हजाराव्या भागावर आणली, हे वाचले आणि हातातली पिशवी जड वाटू लागली. ती कशापासून बनली, तिच्यात काय मिसळले, हे तिच्यावर कुठे लिहिलेले असते? महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांना बंदी आहे. ती बंदी आमच्या टपरीपर्यंत चालत आलेली नाही, हेही कबूल करतो.

आजीचा तांब्याचा हंडा भांडी बाजारात मोडीत देऊन प्लॅस्टिकचा पिंप आणला, तो दिवस मला आठवतो. हलका, रंगीत, घासायची कटकट नाही! आम्हाला तो पुढारलेपणा वाटला होता.

मी आण्णांना म्हटले, “आण्णा, पिशव्या बंद करू. किटली देऊ.”

आण्णा म्हणाले, “किटली गेली की परत येती का? चार किटल्या गमावल्यात मी. पिशवी पैशात पडती. तुझं शिक्षण त्याच्यावरच चाललंय.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी पुस्तके, माझी फी, सारे त्या पिशवीतूनच आलेले. ज्या शिक्षणाने मला हे वाचता आले, ते त्याच चहावर पोसलेले!

आठवडाभर आम्ही बोललो नाही. मग एके सकाळी आण्णांनी माळ्यावरून जुन्या दोन किटल्या काढल्या, त्यांवर रंगाने आमचे आडनाव लिहिले आणि म्हणाले, “ने. पण परत आणायचं काम तुझं.”

आता पहिल्या तासाला मला कधी कधी उशीर होतो. किटली आणायला गेलेलो असतो. पिशव्या अजून सुटलेल्या नाहीत. पण दोन कारखान्यांचा चहा किटलीतून जातो. आणि आई दहा वाजता, कामे टाकून, अर्धा तास उन्हात बसते.